पार्सल चुकले, तर जबाबदार कोण?



छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बिडकीन हे गाव आता औद्योगिक क्षेत्राच्या नावाने देशभर ओळखले जाते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी लोकार्पण झालेले हे क्षेत्र ७,८५५ एकरांवर पसरलेले आहे. त्यातील रस्ते, वीज, पाणी आणि येऊ घातलेले कारखाने यांविषयी पुष्कळ बोलले व लिहिले जाते. त्या मानाने एका लहान बदलाची नोंद फारशी कोणी घेतलेली नाही. पाठीवर भली मोठी पिशवी बांधलेला मोटारसायकलस्वार आज बिडकीनच्या गल्लीत, भाड्याच्या खोल्यांच्या चाळीत, निलजगावच्या शिवारात आणि तांड्यावरही दिसतो. पूर्वी ज्या वस्तूसाठी शहागंजची किंवा गुलमंडीची वाट धरावी लागे, ती वस्तू आज घरच्या उंबरठ्यावर येते.

ती ठरल्याप्रमाणे आली, तर प्रश्न उद्भवत नाही. परंतु समजा, एका शिक्षिकेने भ्रमणध्वनी संच मागविला आणि खोक्यात साबणाची वडी निघाली. समजा, एका शेतकऱ्याने मृगात लागणारा फवारणी पंप मागविला आणि तो आर्द्रा संपता संपता हाती आला. किंवा पार्सल आलेच नाही आणि पडद्यावर मात्र ‘पोहोचते झाले’ अशी नोंद झळकू लागली. अशा वेळी सुरू होते ती टोलवाटोलवी. पार्सल आणणारा मुलगा म्हणतो, आपले काम फक्त आणून देण्याचे. कुरिअर कंपनी म्हणते, खोके बंद होते, आत काय होते ते पाठविणाऱ्याला ठाऊक. विक्रेता म्हणतो, माल आमच्याकडून व्यवस्थित रवाना झाला. आणि ज्या ऑनलाइन बाजारपेठेवर खरेदी झाली, ती म्हणते, आम्ही केवळ विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ घालून देतो. चौघांपैकी प्रत्येकाचे म्हणणे ऐकताना पटण्यासारखे वाटते आणि ग्राहक मात्र रिकाम्या हाताने उभा राहतो. रोजंदारीवर पोट असणाऱ्या कुटुंबाची कित्येक दिवसांची मजुरी त्या खोक्यात अडकलेली असते, हे ध्यानी घेतले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते.

वास्तविक हा प्रश्न आजचा नाही. भारतीय टपाल खात्याने १८७७ साली व्ही. पी. ची पद्धती सुरू केली. वस्तू टपालाने यावी, पोस्टमनने तिची किंमत घ्यावी आणि मगच पार्सल हवाली करावे, अशी ही व्यवस्था होती. मासिकांतील आणि दिवाळी अंकांतील जाहिराती वाचून खेड्यापाड्यांतील माणसे घड्याळे, पुस्तके, औषधे, पुढे ट्रान्झिस्टर व्ही. पी. ने मागवीत. पैसे मोजल्यावाचून खोके उघडता येत नसे आणि ट्रान्झिस्टरच्या खोक्यात वीट निघाल्याच्या कथा त्या काळी चवीने सांगितल्या जात. आजची ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ ही त्या व्ही. पी. चीच नात होय. वीट तेवढी बदलली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईतील एका नामवंत चित्रपट अभिनेत्रीने ध्वनियंत्र मागविले, तेव्हा तिच्या खोक्यात लोखंडाचा तुकडा निघाला होता. फसगत होते ती केवळ खेड्यातील भोळ्या माणसाची, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

माल कोणाच्या जोखमीवर?

जबाबदारी कोणाची, हे ठरवावयाचे तर आधी माल वाटेत असताना तो कोणाच्या जोखमीवर असतो, हे पाहावे लागते. १९३० च्या मालविक्री अधिनियमातील कलम ३९ प्रमाणे विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केला की तो प्रथमदर्शनी ग्राहकालाच मिळाला असे समजले जाते. हा नियम व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांमधील व्यवहारात सोयीचा होता. मोंढ्यातील दुकानदार मुंबईहून माल मागवीत असे, ट्रान्सपोर्ट कंपनी कोणती हे पुष्कळदा तोच सांगे आणि विमाही तोच उतरवी. परंतु ‘प्रथमदर्शनी’ या शब्दाला येथे महत्त्व आहे. उभयपक्षी वेगळे ठरले असेल, तर हा नियम बाजूला सरतो. ‘माल तुमच्या घरी अमुक तारखेपर्यंत पोहोचवू’ असे वचन देऊन जो पैसे घेतो, त्याने वेगळेच ठरविलेले असते. कुरिअर कोणते, हे ग्राहक ठरवीत नाही. त्याला ते निवडण्याची संधीही नसते.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा १९५९ सालचा एक निर्णय उद्बोधक आहे. रतलाम येथील एक पेढी अत्तरे आणि सुगंधी द्रव्ये तयार करून ती व्ही. पी. ने गावोगाव पाठवीत असे. प्रश्न निघाला तो आयकराचा, म्हणजे विक्रीचे पैसे पेढीला नेमके कोठे मिळाले असे धरावयाचे, याचा. पैसे दिल्याखेरीज पार्सल द्यावयाचे नाही, असे बंधन विक्रेत्याने घातलेले असते. तेव्हा टपाल खाते पैसे स्वीकारते ते विक्रेत्याचा अभिकर्ता म्हणून, असा न्यायालयाने निर्वाळा दिला. खटला कराचा असला, तरी त्यातील तर्क आजच्या रोखीच्या पार्सलालाही लागू पडण्यासारखा आहे. दारात उभा राहून पैसे घेणारा आणि पार्सल देणारा माणूस ग्राहकाने पाठविलेला नसतो. तो पलीकडच्या पक्षाचा असतो.

तर्कावर विसंबून राहण्याची आवश्यकता आता पुष्कळ अंशी उरलेली नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० मध्ये अंमलात आला आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेस ई-वाणिज्यासंबंधीचे ग्राहक संरक्षण नियम अधिसूचित झाले. या नियमांनी विक्रेत्यावर एक स्पष्ट कर्तव्य सोपविले आहे. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत वर्णन केल्याहून निराळी निघाली, तर ती परत घेण्यास अथवा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. इतकेच नव्हे, तर सांगितलेल्या मुदतीनंतर वस्तू आली, तरीही हेच बंधन आहे. अपवाद फक्त दैवी आपत्तीसारख्या अनिवार्य कारणाने झालेल्या विलंबाचा. मृगाचा पंप आर्द्रेत आला, तर शेतकऱ्याने तो मुकाट्याने ठेवून घ्यावा, असे कायदा म्हणत नाही. पैठण तालुक्यातच राहणाऱ्या एखाद्या भगिनीने ऑनलाइन ‘पैठणी’ मागवावी आणि हाती यंत्रमागावरची कृत्रिम धाग्याची साडी पडावी, हा विरोधाभास आज अशक्य नाही. तेथेही उत्तर हेच आहे.

मग बाजारपेठ चालविणाऱ्या कंपनीचे काय? आपण केवळ मध्यस्थ आहोत, हे तिचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. माल तिचा नसतो. परंतु मध्यस्थ म्हणून मिळणारे संरक्षण हे कर्तव्यांच्या बदल्यात मिळते. विक्रेत्याचे नाव, त्याचा पत्ता व संपर्क क्रमांक तिने ग्राहकाला दिसेल अशा रीतीने द्यावा लागतो. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केल्यास विक्रेत्याच्या मुख्यालयाचा पत्ताही पुरवावा लागतो. तिने तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि एका महिन्यात तिचे निवारण केले पाहिजे. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळाला पाहिजे. ज्या कंपन्या स्वतःच्याच गोदामातील स्वतःचाच माल विकतात, त्यांना तर मध्यस्थपणाचा आडोसाही घेता येत नाही. तेव्हा ‘कुरिअरवाल्याला विचारा’ हे कंपनीचे उत्तर ग्राहकाने स्वीकारण्याचे कारण नाही. कुरिअरला विचारण्याचे काम ज्याने कुरिअर नेमले त्याचे आहे.

कुरिअर कंपनी आणि पावतीमागील बारीक अक्षरे

याचा अर्थ कुरिअर कंपनी मोकळी सुटते, असा मात्र नव्हे. टपाल खात्याला १८९८ च्या कायद्याने हरवलेल्या, चुकलेल्या किंवा उशिरा आलेल्या टपालाबाबत विशेष संरक्षण दिले होते आणि १८ जून २०२४ पासून अंमलात आलेल्या नव्या टपाल अधिनियमातही ते मुख्यतः कायम आहे. खासगी कुरिअरला असे कवच नाही. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी १८६५ चा जुना कायदा जाऊन २००७ चा अधिनियम आला, तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्यात सार्वजनिक वाहतूकदाराच्या व्याख्येत दारापासून दारापर्यंत माल नेणाऱ्या कुरिअर संस्थेचा नामनिर्देशपूर्वक समावेश आहे. वाहतूकदाराच्या ताब्यातील माल नष्ट झाला, तर त्याचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर नसते, हे जुन्या कायद्यातील तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका वाहतूक कंपनीच्या प्रकरणात ग्राहक न्यायमंचापुढील तक्रारींनाही लागू केले. गोदामास आग लागली, एवढे सांगून त्या कंपनीची सुटका झाली नाही.

परंतु जबाबदारी असणे आणि पूर्ण भरपाई मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तिरुपूर येथील एका कापड व्यवसाय करणाऱ्या संस्थेने जर्मनीला कागदपत्रांचा लखोटा कुरिअरने पाठविला होता. तो पोहोचला नाही आणि त्यापायी संस्थेचे मोठे नुकसान झाले. राज्य आयोगाने भरपाई मंजूर केली. तथापि पाठविणाऱ्याने सही केलेल्या पावतीवर जबाबदारीची मर्यादा १०० डॉलर अशी छापलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने मे १९९६ मध्ये ती मर्यादा बंधनकारक ठरविली. ज्याने सही केली, त्याने अटी मान्य केल्या, असा त्याचा आशय होता.

या निर्णयाचा दाखला देऊन ऑनलाइन ग्राहकाला गप्प बसविण्याचा प्रयत्न होऊ शकतो. म्हणून त्यातील मर्म समजून घेतले पाहिजे. ऑनलाइन वस्तू मागविणारा ग्राहक कुरिअरच्या पावतीवर सही करीत नाही. ती पावती विक्रेता आणि कुरिअर यांच्यातील असते. त्यांच्यात जबाबदारीची मर्यादा १०० रुपये ठरो की १,०००, ग्राहकाने मोजलेल्या संपूर्ण रकमेचा त्याच्याशी संबंध नाही.

पण हाच ग्राहक जेव्हा स्वतः पाठविणारा होतो, तेव्हा चित्र पालटते. बिडकीनमधील कामगार गावाकडे वडिलांना औषधे धाडतो, आई पुण्याला शिकणाऱ्या मुलाला फराळाच्या डब्यासोबत प्रमाणपत्रे पाठविते. त्या वेळी पावतीवरची सही त्यांची असते. मौल्यवान वस्तू असेल, तर तिची किंमत पावतीवर घोषित करून त्याप्रमाणे अधिक आकार भरणे, हाच त्यावरचा कायदेशीर मार्ग आहे. किंमत घोषित केली नाही, तर भरपाई विहित मर्यादेतच मिळते. माल गहाळ झाला किंवा मोडला, तर नोंदणीच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी सूचना द्यावी लागते, अन्यथा दावाच चालत नाही. ‘आज बघतो, उद्या बघतो’ या आश्वासनांवर सहा महिने सहज निघून जातात. म्हणून पहिल्याच आठवड्यात पत्र द्यावे हे बरे.

खोक्यात काय आहे ते ठाऊक नाही, हे कुरिअरचे म्हणणेही नेहमीच चालण्यासारखे नाही. मे २०१८ मध्ये तत्कालीन औरंगाबाद शहरात ऑनलाइन मागविलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी पार्सलांमधून जप्त केले होते. खेळणी आणि गृहोपयोगी वस्तूंच्या सोबतीने शस्त्रे घरपोच येऊ शकतात, हे पाहून सारे शहर थक्क झाले. अशा प्रसंगी मागविणारा, विकणारा आणि वाहून नेणारा असे सर्वच चौकशीच्या कक्षेत येतात.

दारात उभा असलेला मुलगा

या साऱ्या साखळीत ग्राहकाला प्रत्यक्ष दिसतो तो एकच माणूस. साहजिकच राग निघतो तो त्याच्यावर. खोक्यात साबण निघाला म्हणून त्याची गाडी अडवून ठेवणे, पैसे त्याच्याच खिशातून काढावयास लावणे, असे प्रकार घडतात तेव्हा गावातील चार जाणत्यांनी मध्ये पडले पाहिजे. तो बहुधा पंचक्रोशीतलाच, एखाद्या अल्पभूधारकाचा मुलगा असतो. खोके त्याने बांधलेले नसते आणि उघडण्याचा त्याला अधिकार नसतो. त्याचा स्वतःचा दोष असेल, उदाहरणार्थ पार्सल न देताच दिल्याची नोंद केली असेल, तर तक्रार जरूर व्हावी. परंतु ती त्याला कामावर नेमणाऱ्याकडे व्हावी. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली असून तिने अशा मंचावर काम करणाऱ्या कामगारांची कायद्यात प्रथमच दखल घेतली आहे. त्यांच्या कल्याणासाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान द्यावयाचे आहे. नोकर म्हणावे इतके हक्क नाहीत आणि स्वतंत्र व्यावसायिक म्हणावे इतके स्वातंत्र्य नाही, अशी या मुलांची आजवरची अवस्था होती.

त्याच्या अडचणीतील एक मोठी अडचण गावाच्या हाती आहे, ती म्हणजे पत्ता. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सहा अंकी पिनकोड सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पकतेतून. संस्कृतचे विद्वान असलेल्या या गृहस्थांनी सारा देश सहा अंकांत बसविला. मराठवाड्याच्या बऱ्याच भागाचे पिनकोड ४३१ ने सुरू होतात आणि शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाकडे निर्देश करतात. परंतु पिनकोड टपाल कार्यालयापर्यंत नेतो, शेतवस्तीपर्यंत नव्हे. पोस्टमन गावातला असे, त्याला ‘लिंबाखालचे घर’ एवढे पुरे. कुरिअरचा मुलगा मात्र दर काही महिन्यांनी बदलतो. परप्रांतातून आलेल्या कामगारांच्या खोल्यांना क्रमांक नाहीत, एकाच मालकाच्या चाळीत एकाच आडनावाचे अनेकजण, वस्त्यांकडे जाणाऱ्या पाणंद रस्त्यांना फलक नाहीत. मग पार्सल किराणा दुकानात ठेवले जाते आणि वाद सुरू होतो. दुकानदाराने उपकार म्हणून ठेवून घेतले, तर त्याचा त्यात काय दोष? ग्राहकाने स्वतः ‘दुकानात ठेवा’ असे सांगितले असेल, तर जोखीमही बव्हंशी त्याने पत्करली असे होते. न विचारता ठेवले असेल, तर ते पार्सल ग्राहकाला पोहोचलेले नाही. औद्योगिक क्षेत्राभोवतीच्या ग्रामपंचायतींनी घरक्रमांकाच्या पाट्या आणि वस्त्यांचे दिशादर्शक फलक लावण्याचे काम मनावर घेतले, तर त्याचा उपयोग पार्सलापेक्षाही अधिक रुग्णवाहिकेला होईल.

पुराव्याबाबत थोडे सांगणे अवश्य आहे. भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक क्रमांक, ज्याला सर्वजण ओटीपी म्हणतात, तो म्हणजे आजच्या काळातील सही होय. पार्सल हातात येण्यापूर्वी तो सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठविणे आहे. खोके फाटलेले वा पुन्हा चिकटविलेले दिसल्यास ते स्वीकारू नये. स्वीकारले, तर उघडतानाचे चित्रीकरण करावे, त्यात खोक्यावरील पत्त्याची चिठ्ठी दिसेल असे पाहावे. बिल, पैसे भरल्याचा संदेश, वस्तूचे जाहिरातीतील वर्णन आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा. वस्तू परत नेण्यासाठी कंपनीचा माणूस येतो, तेव्हा बहुतेक जण पावती घेत नाहीत आणि पुढे ‘वस्तू मिळालीच नाही’ असे उत्तर येते. तेथेही पावती अथवा संदेश मिळाल्यावाचून वस्तू हातची सोडू नये. कोणी न मागविलेलेच पार्सल आणून पैसे मागत असेल, तर ते घेण्याचे बंधन कोणावर नाही. ‘पार्सल अडकले आहे, या दुव्यावर पाच रुपये भरा’ असे सांगणारा दूरध्वनी हा तर ग्राहकाच्या तक्रारीचा विषयच नव्हे. तो शुद्ध सायबर गुन्हा असून त्यासाठी १९३० हा क्रमांक आहे.

कंपनीकडे केलेल्या तक्रारीने काम झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतही बोलता येते आणि पुष्कळ तक्रारी आयोगापर्यंत न जाता मिटतात. त्यापुढील पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते आणि ५ लाखांपर्यंत कोणतेही शुल्क नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. वकील दिलाच पाहिजे असे नाही. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागणार नसेल, तर तीन महिन्यांत निकाल व्हावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अधिक काळ लागतो, हेही सांगितले पाहिजे. विक्रेता आणि बाजारपेठ चालविणारी कंपनी या दोघांनाही प्रतिपक्ष करावे, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखविण्यास वाव उरत नाही.

१९८६ च्या कायद्यानुसार तक्रार करावी लागे ती सामान्यतः प्रतिपक्षाचे कार्यालय असेल तेथे किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले तेथे, आणि कारण नेमके कोठे घडले यावरच वर्ष-दोन वर्षे वाद चाले. २०१९ च्या अधिनियमाने ग्राहक जेथे राहतो किंवा उपजीविकेसाठी काम करतो, तेथील आयोगाकडे तक्रार नेण्याची मुभा दिली आहे. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या संकेतस्थळावरून ती घरबसल्याही दाखल करता येते आणि अर्ज केल्यास दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणी होऊ शकते. कंपनीचे मुख्यालय बंगळुरूला असो वा गुरुग्रामला, बिडकीनच्या ग्राहकाची तक्रार छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा आयोगापुढे चालते.